'डोमेस्टिकली' म्हणजे नक्की कुठं?

स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर. त्यात १४.२ किलो गॅस असतो आणि एजन्सीच्या वहीत त्याची नोंद 'डोमेस्टिक' अशी असते. हॉटेलवाल्याकडचा १९ किलोचा तो 'कमर्शियल'. आता या डोमेस्टिक सिलिंडरमधला गॅस येतो कुठून? देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त गॅस आपण बाहेरून विकत आणतो, त्यातला बराचसा आखाती देशांतून. म्हणजे सिलिंडर डोमेस्टिक आहे, पण आतला गॅस बऱ्याच अंशी 'डोमेस्टिकली' तयार झालेला नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि त्यांच्यात भांडण नाही. पहिल्या विधानात 'घर' म्हणजे आपलं घर, दुसऱ्यात 'घर' म्हणजे देश.

'डोमेस्टिकली' या क्रियाविशेषणाची सगळी गुंतागुंत एवढीच आहे. शब्द घराबद्दल बोलतो, पण घर केवढं धरायचं ते सांगत नाही.

मुळापासून बघू. लॅटिनमध्ये 'डोमुस' म्हणजे घर. त्यावरून 'डोमेस्टिकस', म्हणजे घरचा. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'डोमेस्टिक' आला आणि त्याला शेपूट लागून 'डोमेस्टिकली' झाला. हा 'डोमुस' आपल्याला अगदीच परका नाही. ऋग्वेदात घराला 'दम' म्हटलेलं आहे आणि 'दंपती' म्हणजे मुळात घराचे धनी. लग्नपत्रिकेतलं 'दांपत्य' आणि विमानतळावरचं 'डोमेस्टिक' ही दूरची भावंडं आहेत. कॉलेजच्या प्रवेशासाठी ज्याच्यासाठी तहसील कचेरीत चकरा माराव्या लागतात ते 'डोमिसाईल'ही त्याच घराण्यातलं.

घराचा देश कसा झाला, हे समजायला लांब जायला नको. मराठीनंही तेच केलंय. आपले गृहमंत्री पोलीस सांभाळतात, घरं नाही. घरांसाठी वेगळं गृहनिर्माण खातं आहे. तरी 'गृहमंत्री' ऐकून आपण गोंधळत नाही. शिवाय बायकोला हौसेनं 'होम मिनिस्टर' म्हणणारे नवरे पैशाला पासरी मिळतात. त्यातला विनोद चालतो तो याच दुहेरी अर्थावर. राज्य हे मोठं घर, त्याच्या आतला कारभार तो गृहकारभार, बाहेरचा तो परराष्ट्र. इंग्रजीत सरकारच्या धोरणांची विभागणी होते तीही अशीच. 'फॉरेन पॉलिसी' उंबरठ्याबाहेरची, 'डोमेस्टिक पॉलिसी' आतली.

म्हणून हा शब्द समोर आला की अर्थ शोधायला शब्दकोशाकडे धावण्याआधी एक प्रश्न विचारावा. याच्या विरुद्ध बाजूला कोण उभं आहे? समोर 'इंटरनॅशनल', 'फॉरेन', 'इम्पोर्टेड' असेल, तर डोमेस्टिकली म्हणजे देशात. समोर 'कमर्शियल' किंवा 'पब्लिक' असेल, तर घरात, घरापुरतं. समोर 'वाइल्ड' असेल, तर प्रश्न पाळीवपणाचा आहे. मराठीत हा भेद आपण न शिकता पाळतो. 'घरगुती गणपती' म्हटलं की समोर आपोआप 'सार्वजनिक गणपती' उभा राहतो. परदेशी गणपती कुणाच्या मनातही येत नाही. 'घरगुती' या शब्दानं मराठीत आपली जागा कधी सोडली नाही. तो घराच्या चार भिंतींतच राहिला.

आणि इथंच आजकाल घोळ होतो. हिंदीतला 'घरेलू' मात्र इंग्रजीसारखाच ऐसपैस आहे. घरेलू नुस्खे, घरेलू हिंसा, घरेलू बाजार, घरेलू उड़ान, घरेलू क्रिकेट, सगळीकडे तो चालतो. मग हिंदी मजकुरावरून मराठी करणारी माणसं, आणि हल्ली यंत्रं, 'घरेलू'च्या जागी डोळे मिटून 'घरगुती' ठेवतात. 'घरगुती उड्डाणे रद्द', 'घरगुती बाजारात सोने महागले' असे मथळे वाचताना मला तरी विमान दिवाणखान्यातून निघाल्यासारखं वाटतं. इथं 'देशांतर्गत' हवं. नाहीतर साधं 'देशातल्या देशात'. हा दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. घरच्या घरी, गावातल्या गावात, देशातल्या देशात: हद्द केवढी ते त्यात उघडच सांगितलेलं असतं. इंग्रजी 'डोमेस्टिकली' जे गुलदस्त्यात ठेवते ते मराठी आपल्या प्रत्ययांतून सांगून मोकळी होते. 'मेड डोमेस्टिकली' मोटारीबद्दल असेल तर 'देशात बनलेली', लोणच्याबद्दल असेल तर संदर्भ बघायला हवा. बहुतेक वेळा लोणच्याबद्दलही इंग्रज माणूस देशच म्हणत असतो. घरच्या लोणच्याला तो 'होममेड' म्हणतो.

एक ढोबळ नियम सांगता येतो. 'डोमेस्टिक' हे विशेषण घर आणि देश या दोन्हींसाठी सर्रास वापरलं जातं. 'डोमेस्टिकली' हे क्रियाविशेषण मात्र आजच्या बातम्यांत, कंपन्यांच्या अहवालांत आणि सरकारी कागदांत मुख्यतः देशाबद्दलच असतं. 'सोल्ड डोमेस्टिकली', 'सोर्स्ड डोमेस्टिकली', 'प्रोड्यूस्ड डोमेस्टिकली'. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायचं तेल सापडलं, ते डोमेस्टिकली प्रोड्यूस्ड. आखातातून जहाजानं येतं ते नाही.

क्रिकेटचं उदाहरण मराठी वाचकाला सगळ्यात चटकन पटेल. अमोल मुझुमदारनं १९९४ साली मुंबईकडून रणजीतल्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या. पुढं प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा खोऱ्यानं ओढल्या, पण भारताची टोपी मिळाली नाही. इंग्रजी समालोचक अशा खेळाडूबद्दल म्हणणार, त्यानं 'डोमेस्टिकली' सगळं मिळवलं. म्हणजे रणजी, दुलीप, विजय हजारे, या हद्दीत. (पुढं तोच मुझुमदार प्रशिक्षक असताना २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा उंबरठा ओलांडलाच म्हणायचा.) मराठी वृत्तपत्रं डोमेस्टिक क्रिकेटला बऱ्याचदा 'स्थानिक क्रिकेट' म्हणतात. रूढ झालंय, पण मला ते पटत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या चिखलात होणारी कांगा लीग स्थानिक आहे. विदर्भ आणि केरळ यांच्यातली रणजीची अंतिम लढत स्थानिक कशी? ती देशांतर्गत. 'लोकली' आणि 'डोमेस्टिकली' यांतला फरकही हाच. पहिल्यात गाव-शहर, दुसऱ्यात अख्खा देश.

मुंबईत या शब्दाचा एक वेगळाच, खास मुंबईकर अर्थ आहे: इमारत. वर्षानुवर्षं सांताक्रूझचा विमानतळ म्हणजे 'डोमेस्टिक' आणि सहारचा म्हणजे 'इंटरनॅशनल'. रिक्षावाल्यानं 'डोमेस्टिक का इंटरनॅशनल?' विचारलं की तो प्रवासाबद्दल विचारत नसतो, कुठल्या दारात सोडू ते विचारत असतो. २०१४ साली सहारला नवं टर्मिनल २ सुरू झालं आणि देशातल्या देशात उडणारी अनेक विमानंही तिथूनच सुटू लागली. शब्द मात्र जुन्याच इमारतीला चिकटून राहिला. त्यामुळं टर्मिनल २ वरून दिल्लीला जाणाऱ्यानं खरं उत्तर दिलं, 'डोमेस्टिक', तर तो चुकीच्या दारात उतरण्याचा धोका आहे. इथं व्याकरण बाजूला ठेवून टर्मिनलचा आकडा सांगावा.

विमानतळाजवळच अंधेरीत या शब्दाची त्याहून मोठी गंमत आहे. सीप्झ. १९७३ साली सुरू झालेलं हे निर्यातीचं क्षेत्र, आत दागिने घडवणारे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने. जमीन अंधेरीची, कामगार डोंबिवली-विरारहून लोकलनं येणारे. पण २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानुसार अशी जागा, तिथल्या मंजूर कामापुरती, सीमाशुल्काच्या दृष्टीनं देशाबाहेर मानली जाते. कुंपणाबाहेरच्या उरलेल्या भारताला कायद्यात नाव आहे 'डोमेस्टिक टॅरिफ एरिया'. सीप्झमधली बांगडी फाटकातून बाहेर काढून झवेरी बाजारात विकायची असेल, तर परदेशातून आल्यासारखं सीमाशुल्क लागू होतं. ती बांगडी डोमेस्टिकली बनली की नाही? नकाशाला विचारा, तो हो म्हणेल. जकात अधिकारी नाही म्हणेल. पैशाचा व्यवहार असेल तिथं 'डोमेस्टिकली'चा अर्थ भूगोल ठरवत नाही, ज्या कायद्याखाली कागद रंगतोय तो कायदा ठरवतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कंपन्यांचंही तसंच. प्राप्तिकराच्या भाषेत भारतात नोंदलेली कंपनी ही 'डोमेस्टिक कंपनी'. तिचे बहुतांश समभाग लंडनच्या मालकाकडे असले तरी. मालक कोण आणि नोंदणी कुठं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग देश तरी कुणाचा? बोलणाऱ्याचा. हे न्यू जर्सीत किंवा सिअॅटलला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगलं ठाऊक आहे. तिथल्या एचवन-बीवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला, पासपोर्टवरचा व्हिसा नव्यानं करून घ्यायचा तर एरवी देशाबाहेर जावं लागतं. बरेच जण भारतवारीलाच हे काम जोडून घेतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या तारखेवर सगळी सुट्टी टांगलेली असते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं एक प्रयोग केला. ठरावीक काळात भारतातून किंवा कॅनडातून व्हिसा मिळालेल्या जास्तीत जास्त २० हजार जणांना तो 'डोमेस्टिकली' नूतनीकरण करण्याची मुभा दिली. इथं डोमेस्टिकली म्हणजे अमेरिकेत बसून. ज्याचं घर कोथरूडला, आई-वडील कोथरूडला, त्याच्या बाबतीतही. विद्यापीठांच्या फीच्या तक्त्यात 'डोमेस्टिक स्टुडंट' म्हणजे तिथला विद्यार्थी. पुण्याहून गेलेली मुलगी त्या तक्त्यात 'इंटरनॅशनल'. हा शब्द मनातलं घर विचारत नाही.

कायद्याच्या लिखाणात 'डोमेस्टिकली' आलं तर समोर आंतरराष्ट्रीय करार असतो. भारतानं बाहेर सही केली म्हणून तो करार आत आपोआप लागू होत नाही, संसदेनं त्यासाठी कायदा करावा लागतो. राज्यघटनेच्या २५३ व्या अनुच्छेदानं संसदेला तो अधिकार दिलाय. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९७ चा विशाखा निकाल. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला भारतानं १९९३ मध्ये मान्यता दिली होती, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं त्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. प्रत्यक्ष कायदा यायला २०१३ साल उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत इंग्रजी लेखांतून 'डोमेस्टिकली' हा शब्द याच पोकळीबद्दल वापरला जाई: बाहेर मान्य, आत कायदा नाही.

याच कायद्याच्या जगात तोच शब्द पुन्हा घराच्या चार भिंतींत शिरतो. २००५ च्या कायद्यातलं 'डोमेस्टिक व्हायोलन्स' मराठीत 'कौटुंबिक हिंसाचार' झालं, आणि ते चांगलं झालं. त्या कायद्याला फक्त घर अभिप्रेत नाही, नातं अभिप्रेत आहे. बहीण, आई, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यानं एकत्र राहिलेली स्त्री, सगळ्या त्यात येतात. उलट धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी राज्यानं २००८ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावात चक्क हिंदी वळणाचा 'घरेलू कामगार' आला. 'मोलकरीण' या शब्दातला कमीपणा टाळायचा असावा. हेतू समजतो, पण 'घरकामगार' हा शब्दही हाताशी होता.

कारखान्यांत आणखी एक हद्द आहे. भोसरी-पिंपरीत कामगाराला चार्जशीट मिळाली की पुढं 'डोमेस्टिक इन्क्वायरी' लागते. म्हणजे न देशातली, न घरातली. कंपनीची अंतर्गत चौकशी.

आता घराचा खरा अर्थ. 'डोमेस्टिकली'चा हा वापर जुना आहे आणि कमी होत चाललाय. 'डोमेस्टिकली इन्क्लाइन्ड' म्हणजे घरात रमणारी व्यक्ती. आपल्याकडच्या जुन्या विवाहविषयक जाहिरातींतलं 'गृहकृत्यदक्ष' हे त्याच्या जवळ जातं, पण फरक आहे. इंग्रजी शब्द आवड सांगतो, मराठी शब्द कामाची हमी मागतो. आणि तीही फक्त वधूकडून. 'डोमेस्टिकली, ही वॉज हॅपी' असं एखाद्या पुढाऱ्याच्या चरित्रात आलं, तर त्याचा संसार सुखाचा होता एवढाच अर्थ. मात्र 'डोमेस्टिकली, ही वॉज पॉप्युलर' आलं, तर तो देशात लोकप्रिय होता. बायकोला आवडत होता की नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही.

या दोन अर्थांची खरी टक्कर होते ती जीडीपीत (ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन). त्यातला मधला 'डी' म्हणजे 'डोमेस्टिक', आणि तो देशाच्या हद्दीचा आहे. चाकणच्या कारखान्यात जर्मन मालकाची मोटार बनली, तरी तिची भर भारताच्या जीडीपीत पडते. सांगलीचा माणूस दुबईत कमावतो ते पडत नाही. इथवर ठीक. पण घरात, बिनपगारी होणारा स्वयंपाक, धुणं, केरवारे, म्हाताऱ्यांची सेवा हे सगळं या 'डोमेस्टिक' उत्पादनात धरतच नाहीत. म्हणजे डोमेस्टिक काम डोमेस्टिक उत्पादनात नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात ते जुनं उदाहरण असं: एखाद्यानं आपल्या स्वयंपाकीणबाईशी लग्न केलं की जीडीपी घटतो. जेवण तेच, पगार बंद. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामात असलेल्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि त्या कामात असलेल्या पुरुषांचे ९७. त्यातही हे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. एवढं काम ज्या शब्दाच्या नावानं ओळखलं जातं, त्याच शब्दाच्या आकडेवारीतून ते बाहेर राहतं, हे मला भाषेच्या अपघातापेक्षा जास्त काहीतरी वाटतं.

थोडं व्याकरण. लिहिताना 'डोमेस्टिक'ला नुसतं एल-वाय नव्हे, ए-एल-एल-वाय असं चार अक्षरांचं शेपूट लागतं, पण बोलताना त्यातला 'अ' गिळतात: डमेस्टिकली, आघात 'मे'वर. 'बेसिकली'सारखंच. ('पब्लिकली' हा हट्टी अपवाद, तो मधले ए-एल घेत नाही.) शब्द क्रियापदाला किंवा धातुसाधिताला चिकटतो, नामाला नाही. त्यामुळं दुकानाच्या पाटीवर 'फॉर डोमेस्टिकली यूज' दिसलं तर ते चूक, तिथं 'डोमेस्टिक'च हवं. घरून नोकरी करत असाल तर 'आय वर्क डोमेस्टिकली' म्हणू नका. समोरच्याला वाटेल तुम्ही परदेश दौरे करत नाही, किंवा कुणाच्या घरी कामाला आहात. 'फ्रॉम होम' पुरेसं आहे.

'डोमेस्टिकेटेड'शीही गल्लत नको. त्याचा अर्थ पाळीव किंवा, आपला सुंदर शब्द वापरायचा तर, माणसाळलेला. चिमणीचं शास्त्रीय नाव 'पासर डोमेस्टिकस', कारण ती आपल्या वळचणीला राहते. पण ती माणसाळलेली नाही. तिला कुणी पाळलं नाही, ती आपली आपण येते. नवऱ्याला मात्र कौतुकानं 'डोमेस्टिकेटेड' म्हणतात, तेव्हा त्याला भांडी घासायला यायला लागलेली असतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण तिथं दोन्ही अर्थ एकाच अर्जात भेटतात. छतावर सौर पॅनेल बसवून २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान घ्यायचं असेल (तीन किलोवॅट आणि पुढं कमाल ७८ हजार रुपये), तर वीजजोडणी घरगुती हवी. हे पहिलं डोमेस्टिक. शिवाय पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत. हे दुसरं डोमेस्टिक, कागदावर 'डोमेस्टिक कंटेंट रिक्वायरमेंट', बाजारात 'डीसीआर'. 'डोमेस्टिक पॅनेल देतो' असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ 'घरावर बसवायचं पॅनेल' एवढाच असू शकतो, आणि ते आयात सेलचं निघालं तर अनुदान गेलं. म्हणून कोटेशनवर 'डोमेस्टिक' हा शब्द चालवून घेऊ नका. 'डीसीआर' असं स्पष्ट लिहून मागा.